खुलासा : ‘वीस पुल-अप्स जमल्याशिवाय कड्याला हात लावू नका’

ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : प्रस्तरारोहण म्हणजे दंडाची ताकद, म्हणून नवशिक्यांनी आधी वीस पुल-अप्स काढावेत आणि रोज फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी लटकायच्या खाचांच्या फळीला, लटकावं. हे चुकीचं आहे आणि त्यातला दुसरा भाग धोक्याचा आहे.

मुंब्र्याच्या कातळावर नवशिक्यांना शिकवताना नेहमी दिसतं, की दंडाने ओढणारा लवकर दमतो. पायाचा पुढचा भाग खाचेवर नीट ठेवून, कंबर कातळाजवळ आणि हात सरळ ठेवणारा वर पोहोचतो, कारण वजन पायांवर असतं.

ताकद लागतेच. पुढे झुकलेल्या कड्यावर नुसत्या तंत्राने निभत नाही. पण ती हळूहळू यायला हवी. स्नायू लवकर बळावतात. बोटांतल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे मागे राहतात. रोज लटकलं की दुखापत तिथेच होते. वाढत्या वयाच्या मुलांत तर बोटाच्या हाडाच्या वाढीच्या भागाला तडा जाऊ शकतो, म्हणून मला या मेसेजची जास्त काळजी वाटते.

नुसत्या ताकदीवर सगळं ठरत नाही, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकन प्रस्तरारोहक लिन हिल. त्यांनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरचा ‘द नोज’ मार्ग सर्वांत आधी मुक्त पद्धतीने, म्हणजे दोर फक्त सुरक्षेसाठी ठेवून हातापायांनीच, सर केला. उंची पाच फुटांहून थोडीच जास्त. बारीक हालचालींची जाण मात्र विलक्षण.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, विशेषतः जिथे मुलांचे पालक आहेत. बोट दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.