128 एमबी आणि डास मारायची बॅट

शनिवारी रात्री उरणजवळच्या एका गावात हळद वाजवत होतो आणि नवरदेवाच्या मामांनी माझ्या कीबोर्डचा प्लग काढून तिथे डास मारायची बॅट चार्जिंगला लावली. हे वाक्य गेल्या चार दिवसांत मी अकरा जणांना ऐकवलंय. अकराच्या अकरा हसले. बायको हसली नाही, पण तिने विचारलं, "मग? परत लावायचा ना प्लग."

लावला ना परत. पंख्याचा प्लग परत लावला की पंखा फिरतो, मिक्सरचा लावला की चटणी होते. माझा कीबोर्डही चालू झाला. स्क्रीन उजळली, कंपनीचं नाव थाटात येऊन गेलं, सगळे दिवे लागले. फक्त आत सनई नव्हती. संबळ नव्हता. ढोलकी, हलगी, कच्छी ढोल, कोरसच्या बायका, सगळे उठून गेले होते.

ज्यांच्या घरात हा प्राणी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला कॅसिओ नाहीतर पियानो म्हणतात. मी वाद सोडून दिलाय.) वर्कस्टेशनमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या स्टेजवरच्या कीबोर्डमध्ये, कंपनीने भरून दिलेले टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, असतात, ते मालकी हक्काने राहतात, वीज गेली तरी हलत नाहीत. पण त्यात आपली ढोलकी नसते. असलीच तर एखादा तबला असतो, तोही बहुधा डोंबिवली स्टेशन न बघितलेल्या माणसाने वाजवलेला. म्हणून आपले आवाज आपण रेकॉर्ड करायचे आणि रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत, भरायचे. रॅममधले आवाज हे भाडेकरू. वीज गेली की सामानासकट पसार, आणि आले की प्रत्येकाला हाताला धरून परत आत न्यायचं. अलीकडच्या मशिनांत हा प्रकार राहिलेला नाही. माझं मशीन अलीकडचं नाही.

माझ्याकडे जागा 128 एमबी. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, एकेक नमुना दोन बाइटचा, म्हणजे एका सेकंदाला 88,200 बाइट. या हिशोबाने माझ्या आख्ख्या संसाराला पंचवीस मिनिटं मिळतात. हे झालं मोनोचं. स्टिरिओ म्हणजे जुळं, लगेच साडेबारा मिनिटांवर. या साडेबारात आरती, लावणी, कोळीगीतं, जुनी हिंदी, नवी हिंदी आणि साखरपुड्याला हमखास फर्माईश होणारं ते एक इंग्रजी गाणं, एवढं सगळं बसवायचं. दहा बाय बाराच्या खोलीत ज्याने अकरा माणसं झोपवलीत त्याला हे काम पटकन जमेल. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करायचं, पाय कॉटखाली सरकवायचे. तसं मी जे जे स्टिरिओ आहे ते मोनो करतो. प्रत्येक आवाजाच्या आधीची शांतता कापतो, शेपूट कापतो. झांजेचे नमुने सेकंदाला 22,050 वर आणले तर जागा निम्मी लागते, पण झांज स्टीलच्या ताटलीसारखी वाजते. मग परत 44,100. मग कोणाला तरी घराबाहेर काढा. ढोलकीच्या हळू-जोरात अशा चार थापा होत्या, त्यातल्या दोन गेल्या. एका मित्राने प्रेमाने दिलेला 40 एमबीचा ग्रँड पियानो आहे. जवळजवळ एक तृतीयांश जागा तो एकटा अडवतो, पाहुण्यासारखा पलंगावर पाय पसरून, आणि वाजतो वर्षातून दोनदा. काढवत नाही. प्रेमाने दिलाय ना.

सनईची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांचे मेहुणे सनई वाजवायचे. दुपारी दोनला त्यांना घरी बोलावलं, खिडकीला दोन गोधड्या लावल्या, पंखा बंद केला आणि पाच सूर घेतले. सगळे सूर घ्यायला जागा नव्हती. एकेक सूर आजूबाजूच्या तीन-चार पट्ट्यांवर ताणायचा. त्यापेक्षा जास्त ताणला तर वरची सनई हवा सुटणाऱ्या फुग्यासारखी चिरकते आणि खालची रेडकासारखी ओरडते. गृहस्थ घामाने निथळत वाजवत होते. धैवत असा काही लावला की माझ्या अंगावर काटा आला, आणि दुसऱ्या सेकंदाला शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पुन्हा घेऊ म्हटलं तर ते म्हणाले, "आता तसा लागायचा नाही." आणि खरंच तसा लागला नाही. म्हणून मी तोच ठेवलाय. शिट्टीच्या आधी, एक पूर्णांक आठ सेकंदांवर लूप लावलाय, की तेवढाच तुकडा फिरत राहावा आणि सूर लांबावा. अकरा वर्षं शेकडो नवरदेव त्या धैवतावर बोहल्यावर चढलेत. शिट्टी एकालाही ऐकू आलेली नाही. मला मात्र दर वेळी, लूपच्या पलीकडे, ऐकू येते.

तर मामा.

मामा प्लास्टिकची खुर्ची घेऊन संध्याकाळी सातपासून माझ्या उजव्या हाताला बसले होते. कलेच्या ओढीने नाही. साउंडवाल्याचा उभा पंखा माझ्या बाजूला होता. हातात ती बॅट. मी इंट्रो वाजवतोय, मामा चट. अंतरा, चट चट. हात तालात होता, हे कबूल करायला हवं. पहिल्या गाण्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात.

"मास्तर, ह्यो केवढ्याचा?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. खरी किंमत सांगितली तर "एवढ्यात बुलेट येल" असं ऐकावं लागतं, कमी सांगितली तर सुपारीचे पैसे कमी होतात. मी म्हटलं, "जुना घेतलाय."

"बटन दाबला का आपोआप वाजतो ना?"

"नाही मामा, वाजवावा लागतो."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण दुकानदाराने "यात माझा एक रुपया सुटत नाही" म्हटल्यावर बघतो. मग एक डास मारला.

सव्वानऊच्या सुमारास बॅट मंदावली. माझं लक्ष नव्हतं. हळदीची गाणी रंगात आली होती, करवल्या नाचत होत्या, नवरदेव पिवळाधम्मक होऊन पाटावर अडकला होता. सनईचा पीस सुरू झाला, मी धैवतावर आलो आणि धैवत गेला. लूप नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. स्क्रीन काळी. ऑक्टापॅडवाला पोरगा वाजवतच राहिला, त्याची लाइन वेगळी. गायिकेने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही, तिच्याबरोबर अजून सहा कार्यक्रम आहेत.

खाली वाकलो. एक्सटेन्शन बोर्डावर तीन पिना. एक पंख्याची, एक वायरलेस माइकच्या रिसीव्हरची. तिसऱ्या ठिकाणी बॅट आडवी टेकलेली, तिचा बारका लाल दिवा शांतपणे पेटलेला. माझा प्लग शेजारी मांडवाच्या सतरंजीवर, नीट वायर गुंडाळून ठेवलेला. गुंडाळून! म्हणजे घाईत काढला नव्हता.

"मामा, हे तुम्ही काढलंत?"

"मंग? तुमचा लाल दिवा कवाचा पेटलेला व्हता. मना वाटला, झाला असल चार्ज."

"मामा, हा चार्ज होत नाही. याला सतत करंट लागतो."

"सतत?" मामांना माझी खरोखर कीव आली. "मंग घरान लाइट गेली तर?"

"तर बंद पडतो."

"आमचे भजनाचे पेटीला नाय लागत," ते म्हणाले. हे इतकं बिनतोड होतं की मी काही बोललो नाही. बॅट काढली, प्लग लावला, आणि पेनड्राइव्हवरची 'हळद फायनल 3 खरी' ही फाइल लोडिंगला टाकली. तिला सहा मिनिटं लागतात. घरी सहा मिनिटं म्हणजे एक चहा. तीनशे माणसांसमोर, हळद अर्धी लागलेली असताना, सहा मिनिटं मोजून बघा.

यूपीएस नव्हता का, असं विचारणार तुम्ही. आहे. बॅटरी फुगल्यापासून घरी आहे, त्यावर मनीप्लांट ठेवलाय.

स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली आणि मामा खुर्ची ओढून चष्मा लावून पुढ्यात आले. "सात टक्के," त्यांनी वाचलं. मग मागे वळून, मांडवात शेवटच्या ओळीपर्यंत जाईल अशा आवाजात: "सात टक्के झाला!"

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. "चौदा!" मामांनी पुकारलं. करवल्यांनी टाळ्या वाजवल्या. "तेवीस!" पॅडवाल्याने, त्याचं चांगलं होवो, तेवीसवर एक रोल दिला. मग प्रत्येक आकड्याला रोल. मतमोजणी चालू असल्यासारखं वातावरण झालं. एकतीसवर पट्टी बराच वेळ थांबली. तो ग्रँड पियानो असणार. चाळीस एमबी. त्या मित्राला मी तिथल्या तिथे मनातल्या मनात काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. "अडाकला," मामांनी जाहीर केलं आणि समोरच्या आजीबाईंनी खरोखरच हात जोडले. अडीच तास वाजवत होतो त्यात एकाही गाण्याला एवढी दाद मिळाली नव्हती. हे हसण्यावारी नेतोय, पण तेव्हा कान तापले होते. मी अकरा वर्षं सूर कापतोय, शिवतोय, आणि लोकांना काय आवडलं, तर पट्टी.

"नव्वद! पंच्याण्णव! शंभर टक्के!" मांडव उसळला. शिट्ट्या. मी बोटं पट्ट्यांवर ठेवली, काळी दोन, गायिकेने माइक उचलला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मामा खाली वाकताना दिसले. एका हातात बॅट, दुसरा हात माझ्या प्लगवर.

"मामाऽऽ!"

"आता तरी झाला ना फुल्ल?"

माझी ती आरोळी सगळ्या माइकांतून गेली म्हणे. व्हिडिओ आहे. मला तिघांनी पाठवला.

त्यानंतर आम्ही जेमतेम अठ्ठावीस मिनिटं वाजवली. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे, आणि दहाला दोन मिनिटं असताना पाटलांनी स्वतः येऊन हात वर केला. पाकीट देताना पाचशे कमी. "मधे बंद पडलेला ना तुमचा," असं म्हणाले, वाईट वाटल्याच्या सुरात. अडीच हजारांतले पाचशे. मी काही बोललो नाही आणि आता चार दिवस घरात बोलतोय.

"नवीन घे," असं सगळे सांगतात. मला माहीत नाही का? 1988 मध्ये कॉर्ग कंपनीचा एम1 कीबोर्ड आला तेव्हा त्यातला पियानोपासून ढोलापर्यंतचा सगळा बाजा 4 एमबीत बसवला होता. आज मोबाइलवर येणारा शुभ सकाळच्या गुलाबाचा व्हिडिओही त्याहून जड असू शकतो. त्यांच्याच 1999 च्या ट्रायटनमध्ये आपले आवाज भरायला 16 एमबी मिळायचे, फार तर 64 पर्यंत वाढवता यायचे, आणि तेही बंद केलं की पुसले जायचे. यामाहाच्या 2010 च्या मोटिफ एक्सएफमध्ये फ्लॅशचं कार्ड बसवलं की आवाज कायमचे राहायला आले, 2 जीबीपर्यंत. पुढच्याच वर्षी कॉर्गच्या क्रोनॉसमध्ये तर कॉम्प्युटरसारखी आख्खी एसएसडी डिस्क आली. म्हणजे माझ्या भाडेकरूंचा प्रश्न जगाने केव्हाच सोडवलाय. फक्त अडीच हजार वजा पाचशे या दराने तो माझ्यापर्यंत यायला वेळ लागतोय. त्यात आता निम्म्या हळदींना डीजे असतो. त्याला सनई लागत नाही, लोडिंग लागत नाही, मामांना त्याच्या ट्रकपर्यंत पोचताच येत नाही.

काल वायरींची बॅग उपसली. जॅक, दोन एक्सटेन्शन, सस्टेन पेडल, आणि तळाशी ती बॅट. घाईत आवरताना पॅडवाल्याने भरली असणार. चार्जिंगला लावून बघितली. चांगली आहे. आमच्याकडेही डास आहेतच.

संध्याकाळी फोन आला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा. सुपारी देणाऱ्याकडून माझा नंबर मिळवला होता. मला वाटलं बॅट मागतील, म्हणून "बॅट मला दिसली नाही" हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. पण बॅटचं नावच नाही. आधी घरच्यांची चौकशी केली, पोरं काय शिकतात विचारलं, लग्न छान झालं म्हणून सांगितलं. मग जरा थांबून, काळजीने:

"मास्तर, तुमचा पियानो झाला का मंग चार्ज?"