व्यास गुणिले शंभर म्हणजे झाडाची उंची नव्हे

ठाण्यातल्या वृक्षप्रेमी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'खोडाचा व्यास मोजा, शंभरने गुणा, उंची मिळाली. झाड कुठलंही चालेल. रोपवनात सगळी झाडं एका वयाची, तिथे तर अचूकच. वनखातंही असंच करतं.'

'कुठलंही झाड'? रस्त्याकडेचा मीटरभर व्यासाचा रेन ट्री घ्या. या हिशोबाने तो शंभर मीटर, म्हणजे घोडबंदरच्या तीसमजली टॉवरएवढा! खरा रेन ट्री सात-आठ मजल्यांच्या वर क्वचितच जातो. नारळाचं तर विचारूच नका, त्याचं खोड एकदा भरलं की पुढे जाड होतच नाही, नुसता शेंडा वर सरकतो.

रोपवनाचा दावा तर पार उलटा आहे. एकाच पावसाळ्यात लावलेल्या सागात मोकळी जागा मिळालेलं झाड तीस सेंटिमीटर जाड होतं, दाटीतलं पंधरावर अडकतं. सूत्रानुसार पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट उंच हवं. पण उजेडासाठी दोघंही वरच धावतात, त्यामुळे उंचीत एवढी तफावत पडत नाही. वरच्या थरातल्या झाडांची उंची मुख्यतः वय, माती आणि पाण्यावर ठरते. जाडी मात्र शेजारी किती जवळ आहे त्यावर. म्हणून विरळणी केली, म्हणजे दाटीतली काही झाडं काढली, की उरलेल्या झाडांची गोलाई (खोडाचा घेर) झपाट्याने वाढते, उंचीचा वेग फारसा बदलत नाही. शिवाय वयस्क झाडाची उंची जवळजवळ थांबते, खोड फुगत राहतं. म्हणजे जाडी वाढताना उंची किती वाढते याचा आलेख आधी चढतो, मग आडवा होतो. गुणाकाराने सरळ रेषाच मिळणार.

वनखात्याबद्दलचं विधान अर्धं खरं आहे. जमिनीपासून १.३७ मीटरवर गोलाई मोजतात, उंची मात्र सगळ्या जाडीवर्गांतल्या काही झाडांची प्रत्यक्ष मोजून त्याच रोपवनाचा आलेख बसवतात आणि बाकीच्यांची त्यावरून काढतात. एका रोपवनाचा आलेख दुसरीकडे आंधळेपणाने लावत नाहीत. (आणि टेपने मिळते ती गोलाई, ३.१४ ने भागायचं विसरलात तर सूत्राची उंची तिप्पट.)

सोसायटीतल्या झाडासाठी काठी पुरते. डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी उभी धरा, तिची टोकं बुंधा आणि शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरका. तुमच्यापासून बुंध्यापर्यंतचं अंतर तीच उंची. येऊरसारख्या उतारावर मात्र चढ-उताराकडे सरकू नका, बुंध्याच्या पातळीवर आडवे जा.