तिथी बघून होडी

आमच्या आजोबांकडे चांगलं किल्लीचं घड्याळ होतं, पण खाडी ओलांडायची असली की ते पंचांग काढत. दाभोळहून धोपाव्याला जायचं तर वाशिष्ठीच्या तोंडावर होडीच धरावी लागे, आणि होडी चाले पाण्याच्या मर्जीने. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. "आज पंचमी. पावणेचारला भरती," आजोबा जाहीर करत. म्हणजे सकाळी पावणेदहाला ठार सुकती, पुरी ओहोटी. आणि पलीकडची गाडी सुटायची दहाला! खाडी चंद्रावर चाले आणि गाडी तारखेवर. दोघांची पत्रिका कधी जुळलीच नाही.

"मामा, काढा की होडी," म्हटलं तर होडीवाला विडी न काढता म्हणे, "पाणी चढूंदे." गाडी चुकेल म्हणून फारच गळ घातली, तर तो निघे खरा, पण काठाच्या बराच अलीकडे होडी रुते आणि मग "उतरा" असा हुकूम होई. पुढे गुडघाभर चिखल. आजोबा धोतराचा काचा मारून पुढे, डोक्यावर वळकटी. आम्ही पोरं होडीवाल्याच्या खांद्यावर आळीपाळीने. आत्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात कोंबडी घेऊन मधोमध उभी, कारण पाय वर यायला तयार नाही. "पाय नको गं उचलू, आधी टाच सोडव!" असा सल्ला काठावरून सगळे देत. हात द्यायला कुणी येत नसे. कोंबडी तेवढी कोरडी पोचे.

याच दाभोळहून १५व्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझकडे निघाला होता. आम्हाला समोर दिसणारं धोपावं गाठता येईना! रस्त्याने जायचं तर चिपळूणचा वळसा, म्हणजे दिवस गेलाच.

२००३ साली इथे फेरीबोट सुरू झाली. आता मोटारी थेट बोटीत चढतात, चिखलाला कुणाचा पाय लागत नाही. तरी "होडीची मजा गेली" म्हणणारे भेटतात. त्यातले बहुतेक तेव्हा मुंबईला होते.

हल्लीचे प्रवासी तर गाडीतून उतरतही नाहीत. काचा वर, एसी चालू. परवा बोट भर खाडीत असताना मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. पुढच्याने काच खाली करून विचारलं, "दादा, ओव्हरटेक करताय का?"