चार आण्याची कोंबडी, पंधरा लाख किलोमीटरवर

मला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची फक्त वीस मिनिटं हवी होती. एक अंधुक दीर्घिका, तिचा वर्णपट, विषय संपला. "दोन दिवसांत प्रस्ताव लिहून टाकतो," असं मी घरी सांगितलं, त्याला सहा आठवडे झाले.

पहिला दणका हिशेबाने दिला. दुर्बीण माझ्या दीर्घिकेकडे मान वळवणार, त्याचा सरसकट अर्धा तास माझ्या खात्यावर. मग ती शेजारच्याच ताऱ्यावरून वळलेली का असेना. शिवाय नेम स्थिर ठेवायला लागणारा वाटाड्या तारा शोधायचा वेळ, उपकरणाची चक्रं फिरायचा वेळ, आणि या सगळ्यावर सोळा टक्के. एकूण सव्वा तासाच्या वर! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

मग सूर्य आडवा आला. वेबला सावलीत राहायचं असतं, त्यामुळे सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच ती पाहते. मी वर हौसेने "अमुक कोनातूनच बघा" अशी अट घातली होती. सॉफ्टवेअरने लाल फुली दाखवली: असा एकही दिवस वर्षात नाही. अट काढली, फुली सरकून दुसऱ्या ओळीवर जाऊन बसली.

खरी कसरत पुढे होती. प्रस्ताव कुणाचा हे परीक्षकांना कळता कामा नये, ही पद्धत हबलसाठी २०१८ मध्ये आली, ती वेबलाही लागू आहे. पद्धत चांगलीच आहे. पण या दीर्घिकेवर आजवर लिहिलंय कोणी? मीच. तेव्हा "आम्ही दाखवून दिलं" खोडून "त्या अभ्यासात दिसतं" असं करत बसलो. "हा अभ्यास महत्त्वाचा आहे," लिहिलं, लाज वाटली, खोडलं. शेवटी विनयाने लिहिलं, "सदर अभ्यासातली निरीक्षणं तोकडी असून निष्कर्ष घाईने काढलेले दिसतात."

सहकारी मैत्रिणीचा लगेच फोन. "अरे, त्या लेखावर माझंही नाव आहे!"

"म्हणून तर. कुणाला संशय येणार नाही."

शेवटच्या दिवशी, १५ ऑक्टोबर २०२४ ला, मुदतीला अकरा मिनिटं असताना प्रस्ताव गेला. मग मैत्रिणीला एक स्वल्पविराम खटकला, म्हणून पुन्हा पाठवला. तेवढ्यात कोऑर्डिनेट्सचं उणे चिन्ह राहिल्याचं मला दिसलं, म्हणून तिसऱ्यांदा. त्या उण्याअभावी दुर्बिणीने आकाशाच्या भलत्याच अर्ध्यात रिकामी जागा न्याहाळली असती.

त्या फेरीत २,३७७ प्रस्ताव आले. उपलब्ध वेळेच्या साधारण नऊपट मागणी. माझा सव्वा तास त्या गर्दीत कुठे चेंगरला कोण जाणे. काही महिन्यांनी नकार आला, सोबत परीक्षकांचा शेरा: "विषय चांगला. मात्र पूर्वीच्या अभ्यासकांवरची टीका अनाठायी वाटते."

मैत्रिणीला तो पुढे पाठवला. तिने फक्त अंगठा पाठवला.