पुन्हा तासिका तत्त्वावरच!

जून आला की पुन्हा तेच. जाहिरातीत ‘सहायक प्राध्यापक’ वाचून जीव सुखावतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचे पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षी परत अर्ज. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे याच पदाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनाने होते. काम तेच, मुलं तीच, पेपर तपासणीही तीच!

सेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, ती झाली, पीएचडी झाली. सेट तर आपलं पुणे विद्यापीठच घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पात्र ठरवायचं आणि मग जागाच भरायच्या नाहीत, हा कुठला न्याय?

काल एका कॉलेजात मुलाखत होती. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सचे तीन संच काढले, प्रत्येक पानावर सही केली, दहावीच्या गुणपत्रिकेवरसुद्धा. साडेतीन तास बाकावर बसवलं. आत चार मिनिटं. प्रबंधाचा विषयही कोणी विचारला नाही. विचारलं काय, तर “मॅडम, लग्न झालंय का?” सहा वर्षं ज्यावर घालवली तो प्रबंध समोर टेबलावर होता, कुणी पान उलटलं नाही. संताप होतो नुसता.