लिंडबर्गचा खेळही सांगा

फिलाडेल्फियाचा आइस हॉकी गोलकीपर पेले लिंडबर्गवरचा लेख वाचला. अपघाताला एवढी जागा दिलीत, खेळाला दोनच ओळी? वाईट वाटलं. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेला फक्त स्वीडननं बरोबरीत रोखलं, २-२. स्वीडनच्या गोलात हाच होता, अवघ्या २० वर्षांचा! १९८५ मध्ये व्हेझिना ट्रॉफी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगमधल्या सर्वोत्तम गोलकीपरचा मान, मिळवणारा पहिला युरोपीय गोलकीपरही तोच. त्याच नोव्हेंबरात दारू पिऊन पोर्शे चालवली आणि २६ व्या वर्षी गेला. आम्हा पुणेकरांना हे वाचताना कल्याणीनगरचा पोर्शे अपघात आठवणारच. खडकीत मैदानी हॉकी खेळताना मीही पॅड बांधून गोलात उभा राहिलोय. गोल झाला की सगळे आपल्याकडेच बघतात. म्हणून सांगतो, तो गेल्यावरही चाहत्यांनी १९८६ च्या ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी त्यालाच मतं देऊन निवडलं, हे लेखात यायलाच हवं होतं.