पोरांना हवामान बदल शिकवा, पण जरा जपून

तुमच्याकडं तिसरी-चौथीचा वर्ग आहे आणि वरून आदेश आलाय की पोरांना हवामान बदल शिकवा, तर घाबरू नका. हा विषय असा शिकवता येतो की शिकवून पण होतं आणि कुणाला काही कळत पण नाही.

सुरुवात पांढऱ्या अस्वलापासून करा. अस्वल हे लई सोयीचं जनावर आहे, ते आपल्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात राहत नाही, त्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला मतदान नाही. बर्फ वितळला, अस्वल बिचारं एकटं पडलं, पोरं च्च च्च करतात, बेल होते, विषय संपला. एखादं पोरगं त्याच बर्फावर पेंग्विन पण काढणार. काढू दे. अस्वल उत्तरेला आणि पेंग्विन पार दक्षिणेला राहतात हे समजावत बसलात तर चित्रकला स्पर्धेचा निकाल लांबतो आणि पाहुणे तर साडेअकराला येणार असतात.

हे कशामुळं होतंय असं कुणी विचारलंच तर ओझोनला भोक पडलंय म्हणून ठोकून द्या. आता ते भोक वेगळ्याच वायूंनी पडलं होतं, 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते हळूहळू भरायला पण लागलंय, आणि पृथ्वी तापायचं मुख्य कारण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, कारखाने यायच्या आधी तो हवेच्या दहा लाख भागांत 280 होता तो आता 420 च्या वर गेलाय, हे सगळं खरं असलं तरी स्टाफरूममध्ये भोकावर सगळ्यांचं एकमत आहे, ते कशाला मोडा. आणि काय वाट्टेल ते झालं तरी गोधडीचं उदाहरण देऊ नका. म्हणजे पृथ्वीला एक गोधडी आधीपासूनच आहे, ती नसती तर आपण गारठलो असतो, पण आपण धूर करून करून तिच्यावर आणखी गोधड्या टाकत चाललोय, असलं काही. आठ वर्षाच्या पोराला हे एका मिनिटात कळतं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, सर, मग गोधड्या टाकतंय कोण? तुमची गाडी तिथंच खिडकीखाली लावलेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंचगंगेचं नाव वर्गात काढायचं नाही म्हणजे नाही! इथली पोरं सातचा पाढा चुकतील पण राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका हे चुकायची नाहीत. जुलै लागला की घरात सकाळी पहिला विषय पाणी किती फूट किती इंच आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले हाच असतो. रविवारी पप्पांच्या गाडीवर पुढं टाकीवर बसून ती पूर बघायला जातात, शिवाजी पुलाजवळच्या गर्दीत भाजलेलं कणीस खात उभी राहतात, आणि शेजारी दोन म्हातारी माणसं मच्छिंद्री झाली का नाही, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का नाही, यावरून हमरीतुमरीवर आलेली असतात. एवढं प्रॅक्टिकल झालेल्या पोराला तुम्ही चुकून सांगून बसलात की हवा एक डिग्रीनं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणून पाऊस आला की कमी वेळात धो धो कोसळू शकतो, तर ते पोरगं गगनबावड्याच्या पावसापासून सुतारवाड्यात शिरलेल्या पाण्यापर्यंत सगळं स्वतःच जोडून टाकणार. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला, हे त्यानं घरात शंभरदा ऐकलेलं असतं. मग ते विचारणार, "सर, आमच्या आज्जीच्या टायमाला बी एवढं पाणी येत हुतं काय?" त्याच्या मागचं विचारणार, पूररेषेच्या आत अपार्टमेंट कुणी बांधू दिलं? आणि ज्यांनी बांधलं त्यांचं पोरगं दुसऱ्या बाकावर बसलेलं असतं, गॅदरिंगचा मांडव दरवर्षी त्यांच्याकडूनच येतो, म्हणजे बघा तुम्ही काय ते.

अशा वेळी आलमट्टी म्हणायचं. त्या धरणाच्या फुगवट्यानं इकडं पूर येतो असं लोक म्हणतातच, धरण कर्नाटकात आहे, त्यांना उंची 524 मीटर करायचीय, राग तिकडं पाठवून द्या. 2019 च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं होतं, पण चौथीच्या सिलॅबसमध्ये समिती येत नाही, सुटलो आपण. (मोठ्यांच्या सिलॅबसमध्ये पण येत नाही तसं बघायला गेलं तर.)

पाचटाचा, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात पेटवून देतात त्या वाळक्या पाल्याचा, विषय पण टाळा. अर्धा वर्ग ऊसवाल्यांचा, पाचट कुजवलं तर रानाला खत होतं असं तुम्ही सांगणार, पोरगं घरी जाऊन बाबाला काडीपेटी ठेव म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी बाबा शाळेच्या गेटवर.

उपक्रम मात्र भरपूर घ्या. हिमनगाचं मॉडेल थर्माकोलचंच करा, 2018 ला राज्यात बंदी आली असली तरी पांढरं दुसरं काय मिळतंय, आणि प्रदर्शन संपलं की ते जयंती नाल्यात जातं का आणखी कुठं हे विचारायचं नसतं. पर्यावरण दिन 5 जूनला असतो आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते, पण बॅनरवर तारीख छापता येते की. शाळा भरल्यावर एक रोप घ्या, अकरा माणसांनी त्याला हात लावा, फोटो काढून अपलोड करा. रोप फ्रेममध्ये आलं नाही तरी चालतं, साहेब यायला पाहिजेत. घोषणा पोरांकडून घ्या, बॅनरचं फ्लेक्स मोठ्यांनी लावा, कामं वाटून घेतली की बरं पडतं.

आणि एवढं सगळं करून पण एखादं पोरगं हात वर करून बसलंच, खाली घ्यायलाच तयार नाही, तर हा धडा सरळ जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ढकला. तेव्हा कलेक्टर साहेबांची सुट्टी पडायचा चान्स असतो, आणि सुट्टी संपली तरी वर्गात पूरग्रस्तांच्या गाद्या आणि भांडी असतात. धडा राहून गेला म्हणून कुणी विचारलं तर दैनिक टाचणात कारण लिहा, पूर. साहेब पण सही करतात त्याच्यावर, काही विचारत नाहीत.